मंगळाच्या राजासाठी बंदूक

बाबा, परवा खंडेनवमीला विळी, अडकित्ता, कात्री असं सगळं धुऊन पाटावर मांडलं आणि शेवटी तुमची डाखायची, म्हणजे कथिलानं जोड लावायची, सळी ठेवली. तिला मात्र कोरड्या फडक्यानं पुसलं. हे शेजारीच बसले होते. म्हणाले, "साऱ्याइले आंघोळ, अन् बाबांच्या सळीले काहून नाही?" मी म्हटलं, गंजते. लोखंड आहे, गंजतंच, तेव्हा देवासमोर खोटं बोलले असं नाही. पण खरं कारण वेगळं आहे आणि ते ज्यांना सांगायचं ते तुम्ही आता नाहीत. यंदा माणसं चंद्रावर उतरली. इथे अमरावतीत आमची सगळी गल्ली रेडिओभोवती जमली होती, आणि मला मात्र अकोल्याच्या आपल्या पडवीतली ती बंदूक आठवत राहिली.

रशियानं आकाशात उपग्रह सोडला त्याच्या पुढच्या वर्षी मी नवरात्राला माहेरी आले होते. आई नव्हती. कापसाच्या जिनातली तुमची फिटरची नोकरी सुटली होती, कारण हात थरथर कापायचे, उजवा जास्त. "घरी बसा, आराम करा," असं मालक म्हणाले होते. ते मला सांगताना 'आराम' या शब्दाला तुमचं तोंड कडू व्हायचं. गल्लीतले लोक पूर्वी स्टोव्ह, कुलपं, सायकली घेऊन यायचे, तेही हळूहळू यायचे थांबले होते. वाईट कोणी बोलत नव्हतं. नुसते येत नव्हते.

अशात गल्लीतल्या नाटक मंडळाचे मास्तर घरी आले. दसऱ्याच्या नाटकात आपला शास्त्रज्ञ मंगळावर जातो आणि तिथल्या जुलमी राजाला किरणांच्या बंदुकीनं मारतो, असं त्यांनीच लिहिलं होतं. शास्त्रज्ञ ते स्वतः, राजा आपले शेजारचे पहिलवान. पुठ्ठ्याच्या बंदुकीला चांदीचा कागद चिकटवायचा म्हणून ते खळ मागायला आले होते. तुम्ही ती बंदूक हातात घेतली आणि परत दिली. "हे पाहून मंगळावरचं मांजरही भिणार नाही, मास्तर. मी बनवून देतो." मास्तरांनी तुमच्या हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं. तुम्ही हात मांडीखाली घातला.

मग तुमची भंगाराची पेटी पडवीत आली. तुम्ही बोट दाखवायचात, मी काढायची. हातकरवतीची लाकडी मूठ, जुन्या टॉर्चचं नळकांडं, त्याच्या तोंडाला सायकलच्या मागच्या दिव्याची लाल काच, खाली जिनातल्या तेलाच्या कुपीची लांब पितळी चोच. खटक्याला सायकलचा ब्रेक. आणि वर वाफेचा दाब दाखवणारं ते बंद पडलेलं घड्याळ, काटा पार शेवटाला अडकलेला. मी तो सरळ करायला गेले. "राहू दे तसाच," तुम्ही म्हणालात. "लोकाइले वाटलं पाहिजे, आता फुटते."

खटक्यापासून दिव्यापर्यंतच्या तारेला कथिलाचा डाख द्यायचा होता. पहिल्यांदा तुम्हीच बसलात. सळी तापली, नवसागराचा पांढरा धूर झाला, आणि वितळलेलं कथील तारेवर न पडता तुमच्या पायावर पडलं. माझ्याकडे न पाहताच सळी पुढे केलीत. "धर."

मॅट्रिक झालेल्या पोरीला हे काय येणार होतं? सळी कुठे टेकवायची तेही कळेना. तुमचं मात्र चालूच. "कथील काहून वाचवून राहिली? इथं घरखर्च नाही लिहून राहिली तू. लाव अजून." मी रडवेली झाले की, "मायाकडे नको पाहू, जोडाकडे पाह्य. जोड तापला की कथील आपोआप धावते." दोनदा डाख उखडला. मग एकदा ते कथील खरंच धावलं, पाऱ्यासारखं, आणि चमकून थिजलं. तुमच्या बोटांना तार धरवत नव्हती. तुम्ही वाकून ती दातांत धरली आणि ओढली. सुटली नाही. मी वाट पाहत होते. तुम्ही म्हणालात, "पाणी आण प्यायले."

अष्टमीला पडवीचं दार लोटून तुम्ही दोन्ही हातांनी बंदूक धरली आणि खटका मला दाबायला लावलात. भिंतीवर लाल गोळा उमटला, तुमच्या हाताबरोबर थरथरणारा. "मेला राजा," तुम्ही म्हणालात आणि हसलात. आई गेल्यावर तसं हसताना मी तुम्हाला पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तुमची पकड, हातोडी, कानशी धुऊन मांडल्या आणि मधोमध बंदूक. "हत्यारच आहे ते," तुम्ही म्हणालात. पूजा मी करते म्हटलं तर, "अजून मी आहो." पळीनं दूधपाणी शिंपडायचं, पण पळी धरवेना. मग तुम्ही तांब्याच दोन्ही हातांनी उचललात. तो कलंडला आणि सगळं दूधपाणी बंदुकीवर गेलं, नळकांड्याच्या फटीतून आत गेलं. मी ते पाहिलं. फडकं घेऊन हात पुढे केला तर तुमचे डोळे मिटलेलेच होते, तरी म्हणालात, "हात नको लावू. पूजा झाली." मांडलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हे मला लहानपणी तुम्हीच शिकवलेलं. मी हात मागे घेतला. दिवसभर त्या पाटासमोरून जात राहिले, देवाचं नाव घेत. दुसरं काय करणार होते?

दसऱ्याला मास्तर आले, तेव्हा बंदूक तुम्हीच उचलून त्यांना दिलीत. मी म्हटलं, "बाबा, एकदा पेटवून पाहू का?" तर तुम्ही त्यांच्यासमोरच म्हणालात, "काहून? तुया डाखावर तुयाच भरोसा नाही?" मास्तर हसले.

संध्याकाळी सोनं वाटून लोक मांडवात आले. तुम्हाला पुढे खुर्ची होती. मी बायकांच्या सतरंजीवर, तिथून तुमची मान तेवढी दिसत होती. मास्तरांनी भाषण केलं, बंदूक रोखली, खटका दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. तळहातावर आपटली. पहिलवान छाती पुढे काढून उभे. ते हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू आलं, "मास्तर, दाबा नं, मी कवाचा उभा आहो." मागून कोणीतरी ओरडलं, "मर ना बे आता, घरी जायचं आहे." मांडव हसून लोळला. पहिलवान आपले आपणच पडले. तुमची मान हलली नाही.

आपण घराकडे निघालो. दारात आल्यावर म्हणालात, "डाख कच्चा राह्यला तुया. होते तसं. नवीन हात आहे." आवाज रागाचा नव्हता, उलट हलका झाल्यासारखा. मी म्हटलं, "हो बाबा." मी अमरावतीला निघाले तेव्हा ही सळी फडक्यात बांधून माझ्या पिशवीत घातलीत. "सराव कर. पुढच्या दसऱ्याले पक्की करू." पुढच्या दसऱ्याला तुम्ही नव्हता.

बाबा, डाख पक्का होता. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मोर्णा नदीवर आंघोळीला गेला होता तेव्हा मास्तरांनी परत पाठवलेली बंदूक मी उघडली. आत दूध नासलं होतं, टॉर्चच्या सेलांना हिरवं आलं होतं. तार दातांत धरून ओढली, तुमच्यासारखीच. सुटली नाही. मग सगळं पुसून पुन्हा बसवलं. हे तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगणार होते? सगळ्या बंदुकीत तुमच्या स्वतःच्या हातानं झालेली गोष्ट म्हणजे ती एक पूजाच होती.

हा पाठकोरा कागद संपत आला आणि तुमच्या नावाचं पत्र टाकायला पेटी कुठे नाही. आता आमच्या गल्लीतल्या बादल्या मीच डाखते. लोक चांगलं म्हणतात. मला मात्र त्या एकाच डाखाला चांगलं म्हटलेलं ऐकायचं होतं, तुमच्याकडून, आणि इतकी वर्षं पूजा करून ती हाव काही गेली नाही.