खुंटीवरचा बिल्ला

३ फेब्रुवारी
आज रुजू झाले. जुन्या कागद गिरणीतलं डेटा सेंटर. बाहेर उणे बावीस, आत सर्व्हरची ऊब. प्रमुख कौकोने स्वतः कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव पुढे केला. मग नियम. सर्व्हरच्या हॉलमध्ये शिरताना नावाचा बिल्ला (माझ्यावर ‘सायला’) दाराबाहेरच्या खुंटीवर लावायचा आणि किल्ली ‘हाताने’वर फिरवायची, म्हणजे धूर दिसला तरी कार्बन डायऑक्साइड सुटत नाही. तो आग विझवतो, माणसालाही. बाहेर आल्यावर बिल्ला काढून किल्ली ‘आपोआप’वर. भोंग्यानंतर तीस सेकंदांत वायू सुटतो. आत लाल बटण आहे, सगळी वीज बंद करणारं. कौको म्हणाला, ते शोभेचं समज.
नियम चोख आहेत. काम आवडेल.

६ फेब्रुवारी
एक बिल्ला कधीच निघत नाही. विर्वेचा. माझ्याआधी ती इथे होती. कौको म्हणतो, डिसेंबरात नोकरी सोडून गेली. त्याच महिन्यात खोट्या इशाऱ्याने वायू सुटला, हॉल नऊ तास ठप्प. तेव्हापासून तो बिल्ला मुद्दाम टांगलाय, म्हणजे किल्ली कायम ‘हाताने’.
“कागदोपत्री आत कुणीतरी आहे, बस्स. पगार न घेता राबतेय बिचारी!”
तो हसला. मी नाही.

१० फेब्रुवारी
दाराच्या नोंदी पाहिल्या. विर्वेचं कार्ड: १२ डिसेंबर, १०:३१, आत. बाहेर पडल्याची नोंद नाही. कौको म्हणाला, यंत्र बिघडलं होतं. त्या दिवशीच्या त्याच्या चारही नोंदी मात्र बरोबर आहेत. वायू त्याच दिवशी सुटला. आगीच्या यंत्रणेचा तपासनीसही त्याच दिवशी आला होता.

१३ फेब्रुवारी
सातव्या रांगेमागची फरशी सैल आहे. वाकले तर कौको मागे उभा. खालच्या केबलींना हात लावायचा नाही, सायला, म्हणाला. मी आत आहे हे त्याला कसं कळलं? बिल्ल्यावरून, अर्थात.

१७ फेब्रुवारी
अकराला तपासनीस. त्याला खुंट्या रिकाम्या आणि किल्ली ‘आपोआप’वर दिसायला हवी. कौको सकाळपासून गोड बोलतोय. तपासनीस यायच्या आत सातव्या रांगेचं तापमान लिहून आण, म्हणाला. बिल्ला लावला. किल्ली ‘हाताने’वरच होती. दोनदा पाहिली.

१०:४४
फरशी उचलली. निळी दोरी. विर्वेचं कार्ड. त्याखाली केस —

१०:५२
दार उघडत नाही. आतून उघडलंच पाहिजे, नियम आहे. काचेतून खुंट्या दिसतात. तिचा बिल्ला नाही. माझाही —
किल्ली ‘आपोआप’वर.
आता कौको काचेला पाठ टेकून उभा. पलीकडे कुणीतरी हसतंय, तपासनीस असावा. मी काच बडवतेय. पंख्यांपुढे काही ऐकू —
धूरशोधक तपासायचा चाचणीचा धूर. झडपेतून आत येतोय.
भोंगा. तीस.
लाल बटण दाबलं. पुन्हा दाबलं.
पंखे चालूच —