आबांच्या रजेचा अर्ज

गोंदिया, ३ नोव्हेंबर २०२५

ती. आबांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्याचं कारण की मार्क मिळणार आहेत. आमच्या सेंट ब्रिजिता शाळेला डिसेंबरात साठ वर्षं होतात, म्हणून चौथीच्या सगळ्यांनी आजी-आजोबांना पोस्टानं पत्र पाठवायचं. फोन केला तर मार्क नाही.

आता आमच्याकडे बँड आहे, परसबाग आहे, गरजू मुलांना सकाळचा नाश्ता आहे. पण १९६५ मध्ये दोन सिस्टर आल्या तेव्हा तांदळाचं एक गोदाम आणि एकोणीस पोरं, एवढंच होतं. पोरं पोत्यांवर बसायची आणि उंदीर फार. त्यावर नाटक आहे. माझ्या वर्गातली टीना मोठी सिस्टर झाली आहे. मी उंदीर. आई म्हणते, शेपटीवाला रोल म्हणजे महत्त्वाचाच. पण असे सात उंदीर आहेत.

मला राग आला म्हणून मी सांगून टाकलं की माझे आबा त्या एकोणिसांतलेच आहेत आणि त्यांना पूरी इंग्रजी येते. हेडमिस्ट्रेस सिस्टर एकदम खूश! म्हणाल्या, तेरा डिसेंबरला तुम्हाला स्टेजवर बसवू, शाल देऊ, आणि तुम्ही पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं.

आजीला नमस्कार. उत्तर नक्की पाठवा, त्याचेही मार्क आहेत.

तुमची (सध्या उंदीर) खुशी

नवेगाव बांध, ८ नोव्हेंबर

चि. खुशीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. आजी धानाच्या बांधीत होती म्हणून मीच आधी वाचलं, बरं झालं. इकडे सर्व खुशाल, फक्त मी नाही. गुडघा दुखून राहिला. धान कापून पडलं आहे. गायीचे दिवस भरत आले. आणि तेरा डिसेंबरलेच शेजारच्या बकारामच्या पोरीले पाहायले पाहुणे येऊन राहिले, माझ्याशिवाय तिथं बोलणार कोण? शाल कुरियरनं पाठवली तरी चालते.

उंदीर होण्यात काही वाईट नाही. उंदीर होते म्हणून तर आम्ही पाय वर घेऊन एका जागी बसत होतो.

एक विचारतो. त्या वेळच्या सिस्टर आता कोणी हयात नसतील ना? सहज विचारून राहिलो.

तुझ्यावर जीव असलेला, आबा

गोंदिया, १५ नोव्हेंबर

ती. आबांस, सा. न.

दहापैकी नऊ मिळाले. एक कापला, कारण कोणता गुडघा ते तुम्ही लिहिलं नाही.

हयात आहेत! सिस्टर क्लेमेन्शिया चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, शाळेच्या मागे राहतात, आणि बँड चुकला की काठी आपटून थांबवतात. त्यांनी पहिला हजेरीपट शोधून काढला. कडा उंदरांनी खाल्ल्यात, पण अकरा नंबरला तुमचं नाव आहे. ते वाचून त्या खूप वेळ हसल्या. का, ते सांगत नाहीत.

टीना म्हणते, तुमच्या नावापुढे नऊच दिवस हजर आहे. मी म्हटलं, हुशार मुलांना नऊ दिवस पुरतात. असंच असतं ना, आबा? तुम्ही आला नाहीत तर टीना वर्षभर मला चिडवेल.

वाट बघणारी, खुशी

नवेगाव बांध, २१ नोव्हेंबर

चि. खुशीस, आशीर्वाद.

हे पत्र मार्कांसाठी नाही. तुझ्या बाईंना दाखवू नको, आणि आजीले तर बिलकुल सांगू नको.

मी सात वर्षांचा होतो, गोंदियाले भैय्यालालमामाकडे राहत होतो. दहाव्या दिवशी हजेरीच्या आधीच सिस्टर क्लेमेन्शियानं मले उभं केलं आणि विचारलं की वॉट इज युवर नेम. मले वाटलं, माझा नेम कसा आहे ते विचारून राहिली. नेम तर माझा पक्का होता आणि खिशात गुलेल होती. मी खिडकीतून आवारातल्या घंटेवर गोटा मारला. टण्ण! सगळ्यांना वाटलं, सुटी झाली. अठरा पोट्टे पळाले, त्यांच्यामागं शिपाई पळाला, आणि मी जो पळालो तो दुसऱ्या दिवशी गावातच. मग गावच्या शाळेत चौथी केली.

लग्न जुळलं तेव्हा कळलं की अर्जुनी मोरगावची पोरगी सातवी पास आहे. चौथी कशी सांगणार? कॉन्व्हेंट सांगितलं. बेचाळीस वर्षं घरातली इंग्रजी मीच वाचून राहिलो. आता स्टेजवर काय बोलू? मले एकच वाक्य येते, अन् तेही उलटं समजलं होतं.

तुझा खोटारडा आबा

गोंदिया, २७ नोव्हेंबर

ती. आबांस, सा. न.

मी आधी रडले. मग घंटेची गोष्ट पुन्हा वाचली आणि हसता हसता पलंगावरून पडले.

पूरी इंग्रजी येते हे तर मीच सांगितलं, म्हणजे आपण दोघंही खोटं बोललो. तुम्ही या. आधी मी माझं सांगते. मी उंदराच्या वेषात असेन, मला लाज कमी वाटेल.

तुमच्या बाजूची, खुशी

फुलचूर, गोंदिया, १४ डिसेंबर

सौ. धुरपतास, अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगायची हिंमत नाही, म्हणून खुशीकडून कागद घेतला. बसून वाच.

मी कॉन्व्हेंटात फक्त नऊ दिवस होतो. पुढं गावात चौथी. मले इंग्रजी येत नाही. काल हेच माइकवर सांगितलं. त्याआधी खुशी शेपूट धरून पुढं आली आणि आपण खोटं बोललो म्हणाली. एवढीशी पोरगी बोलली, मग मी कसा गप्प बसू? मी कसा पळालो तेही सांगितलं, ते घरी आल्यावर सांगतो. सारा मांडव हसला. टीना नावाची पोरगी तर खुर्चीवरून घसरली.

मग सिस्टर क्लेमेन्शिया काठी घेऊन उठल्या. मले वाटलं, आता मारतात. त्यांनी हजेरीपट उघडला आणि माइकवर सांगितलं की या मुलाचं नाव कोणी कापलं नाही, दाखला कोणी नेला नाही, म्हणजे मुलगा अजून पहिलीतच आहे आणि साठ वर्षं न कळवता गैरहजर आहे. शाल दिली, पण पालकाच्या सहीचा रजेचा अर्ज मागितला. शिवाय दर शनिवारी शाळेत मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग भरते, त्यात बस म्हणून राहिल्या.

आईबाप तर राहिले नाहीत. आता पालक म्हणजे तूच. अर्जात लिही की धान आहे, गाय आहे, श्यामलालशिवाय घर चालत नाही, सबब शनिवारची कायमची रजा द्यावी.

रागावली असशील तरी सही कर.

तुझा, श्यामलाल

नवेगाव बांध, १८ डिसेंबर

खुशीच्या आबांस,

नमस्कार लिहू की आशीर्वाद, कळत नाही. आता मी पालक आहे.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा काठी शोधली, तिसऱ्यांदा हसण्यात चहा उतू गेला. मग एक गोष्ट आठवली आणि सूनबाईले फोन केला. एका साली काकडीवर मारायच्या औषधाच्या बाटलीवर शेक वेल लिहून होतं. तुम्ही चष्मा लावून सांगितलं की वेलाले शेक द्यायचा आहे. मी चार दिवस काकडीच्या वेलाजवळ शेगडी घेऊन बसले. वेल मेला. तुम्ही म्हणाले, औषधच नकली. सूनबाई प्रेरणा सांगते, त्याचा अर्थ बाटली नीट हलवा!

काऊन नाही सांगितलं मले? चौथी पास सांगितलं असतं तरी केलं असतं मी लग्न. दिसायले बरे होते.

गायीले कालवड झाली. सोबतचा अर्ज सिस्टरांना द्या, मधे उघडू नका.

लोभ आहेच, राग उतरला की दिसेल.

धुरपता (सातवी पास)

मा. मुख्याध्यापिका यांस,

माझा पाल्य श्यामलाल, इयत्ता पहिली, हजेरी क्रमांक अकरा, हा साठ वर्षं गैरहजर होता. कारण लाज. पोर मनानं वाईट नाही. धान घरात आलं आहे, गाय मी बघते. त्यानं काहीही कारण सांगून रजा मागितली तरी मंजूर करू नये, ही नम्र विनंती.

पालकाची सही:
धुरपता श्यामलाल कटरे