आईचे पिठले-भाताचे पातेले

मस्कत, ४ मार्च १९८९

चि. सौ. मीनल हीस मस्कतनिवासी, स्थूलदेही ज्येष्ठ बंधूचे अनेक आशीर्वाद.

माझी प्रकृती उत्तम; उदरविस्तार अबाधित आहे. तार मला अंत्यविधीनंतर मिळाली, यात तुझा दोष नाही.

अंबरनाथ पूर्वेत कोणाकडेही मृत्यू झाला की पिठले-भाताचे पातेले घेऊन आई प्रथम उपस्थित. “रडायलाही पोटात काही हवं गं,” म्हणायची. ती गेल्यावर आपल्या घरी पातेले कोणी आणले? बाबा जेवले का?

सुतकाच्या घरी त्या दिवशी चूल पेटवू नये, हा दंडक. येथे शेजाऱ्यांस काहीच ठाऊक नाही. अखेर सुतकी आणि शेजारीण या उभय पदांचा कार्यभार स्वीकारून पिठले मीच केले. “दोन घास खा रे” म्हणण्याचे पद मात्र रिक्तच राहिले.

बाबांस साष्टांग नमस्कार.

तुझा दादा,
श्यामकांत