मोहीमप्रमुखांच्या फॉर्मवरील कुमुद दातार यांची सही

प्रति,
मा. तालुका क्रीडा अधिकारी,
तालुका क्रीडा कार्यालय, पनवेल.

विषय : श्री. सत्यजीत राजवाडे यांना 'आदर्श मोहीमप्रमुख' सन्मान देण्यापूर्वी त्यांचेच दोन कागद शेजारी ठेवून पाहण्याबाबत.

संदर्भ : श्री. राजवाडे यांचा प्रस्ताव, दि. २२ डिसेंबर २०२५.

महोदय,

१. अर्जदार श्रीमती कुमुद प्रभाकर दातार, वय ६१, राहणार रोडपाली, ही तीस वर्षे शाळेच्या कार्यालयात लिपिक होती. न वाचता सही करण्याची तिला सवय नाही.

२. मार्च २०२५ मध्ये कर्णबधिर मुलांच्या श्रवणयंत्रांच्या निधीसाठी अर्जदारासह पनवेलच्या नऊ जणांनी व्हिएतनाममध्ये ह्युए ते न्हा ट्रांग असा सायकलप्रवास केला. श्री. राजवाडे मोहीमप्रमुख होते. दुसऱ्या दिवशी हाय व्हान घाटाच्या पायथ्याशी त्यांचे मेहुणे श्री. निनाद घसरून पडले व त्यांचा गुडघा फुटला. "वर फोटोची वेळ ठरलीये. काकू, तुम्ही बघा याच्याकडे," असे अर्जदारास म्हणून श्री. राजवाडे पुढे निघून गेले. निनाद यांनी अर्जदाराचा हात घट्ट धरला होता. मदतीची गाडी येईपर्यंत दीड तास ती त्यांच्याजवळ बसली, त्यांना गाडीत बसवले आणि धुक्यात एकटीने घाट चढली. वर कोणीही थांबलेले नव्हते. तेथील चहावालीने तिचा फोटो काढून दिला. पुढचे सर्व दिवसही तिने सायकलवरूनच काढले.

३. परतल्यावर श्री. राजवाडे यांनी अहवालात लिहिले, "आठही सायकलस्वार कोणालाही मागे न ठेवता घाट चढले." गाडीतून गेलेले निनाद त्या आठांत आहेत. हे वाक्य खरे ठरावे म्हणून नवव्या सायकलस्वारास, म्हणजे अर्जदारास, 'सहायक (सामान व भोजन)' करण्यात आले. रोडपालीच्या नाक्यावरील फलकावर आठ जण हेल्मेट घालून उभे आहेत व अर्जदार खाली कोपऱ्यात, 'विशेष सहकार्य' या शब्दांखाली आहे. उलव्याच्या भाजीवाल्या हौसाबाई, ज्यांची नात त्या मुलांपैकी आहे व ज्यांनी अर्जदाराच्या शब्दावर वर्गणी दिली, त्यांनी भर बाजारात विचारले, "म्हंजे तू सायकल चालवलीच नाय? गाडीत बसून गेलीस, आन आमाला सांगितलंस सगला घाट चढले?" त्या दिवशी अर्जदार भाजी न घेताच घरी आली.

४. सन्मानाच्या फॉर्मवर दोन सहसायकलस्वारांच्या सह्या लागतात, पैकी एक महिलेची. मोहिमेत दुसरी महिला नव्हती. सबब दि. २० डिसेंबर रोजी श्री. राजवाडे पेढे घेऊन घरी आले. "काकू, जुनं कशाला उगाळायचं? इथे करा, 'सहसायकलस्वार' लिहिलंय तिथे." अर्जदाराने त्यांना चहा दिला, पूर्ण नावानिशी सही केली, तारीख घातली व फॉर्मचा मोबाईलवर फोटो काढून घेतला. नऊ महिन्यांत तिला इतकी शांत झोप लागली नव्हती.

५. आता अर्जदार सायकलस्वार असेल तर अहवाल खोटा आहे, आणि सहायक असेल तर फॉर्म खोटा आहे. कार्यालयाने कोणताही कागद खोटा ठरवावा, अर्जदाराची हरकत नाही. मात्र २६ जानेवारीच्या सन्मान समारंभापूर्वी उघड सुनावणी व्हावी. निनाद यांना, त्यांनी घाटाखाली कोणाचा हात धरला होता, हे त्यांच्या मेहुण्यांसमक्ष विचारावे. नाक्यावरील फलक श्री. राजवाडे यांनी स्वतः शिडीवर चढून उतरवावा, व तो बाजाराच्या वेळी उतरवावा, म्हणजे हौसाबाईंना दिसेल.

६. सुगावा लागताच काल श्री. राजवाडे अर्जदारास स्वतंत्र प्रमाणपत्र देऊ लागले. ते नाकारले आहे. अर्जदाराची सून अनुष्का हिचेही म्हणणे, "आई, या वयात कशाला? सोडून द्या." याबाबत नम्रपणे कळवण्यात येते की, सोडून देण्याचे काम अर्जदाराने साठ वर्षे विनातक्रार केलेले असून यापुढे ते दुसऱ्या कोणाकडे सोपवावे.

आपल्या सहीवर ठाम असलेली,
(सही)
कुमुद प्रभाकर दातार
रोडपाली, दि. ९ जानेवारी २०२६

सोबत : १) अहवालाची प्रत २) फॉर्मचा फोटो ३) घाटमाथ्यावरील फोटो, वेळेसह ४) हौसाबाईंचा जबाब, अंगठ्यासह