नऊ वॅटची सांज

नवागाम, सुरत

ती. स्व. पंडितमामांना भाचा वाल्मिकचा साष्टांग नमस्कार. (खोलीत आडवं पडायला जागा नसल्याने नमस्कार बसूनच घातला आहे, तुम्ही तो लांबलचक समजावा.) मामींचे गुडघे काय म्हणतात? म्हैस व्याली का? आम्ही इकडे ठीक. वडील गेल्यापासून आई आमच्याकडे आहे, पण तिचा इथे जीव रमत नाही, म्हणून अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, येऊन तुम्ही तिला कायमचं गावी नेणार, असं कळवलंत. त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी बल्बचं सांगतो.

आमची खोली तळमजल्यावर. समोरची भिंत इतकी जवळ की ऊन दुपारी शेटसारखं दारात डोकावून जातं. त्यामुळे ट्यूब दिवसभर चालू. आईचं दुखणं नेमकं तिथेच. संध्याकाळी दिवा लागला की हात जोडायचे ही तिची जन्माची रीत, आणि इथे दिवा विझतच नाही, तर लागणार कधी? "आठे सांजच व्हत नही रे," म्हणाली आणि गाठोडं बांधून बसली. मामा, मला ते फार लागलं. आमच्या लूमच्या कारखान्यातही दिवसरात्र ट्यूबच. सांज नावाची काही गोष्ट असते हे मीसुद्धा विसरून गेलो होतो. म्हटलं, कुठून का होईना, आईसाठी सांज आणायची.

दुकानदाराने विचारलं, "सफेद के पीळो?" आणि फळीवरचे बल्ब एकेक करून लावले. पांढरा लागला तेव्हा मला कारखाना दिसला. मग पिवळा लागला आणि मामा, तुमचं खळंच समोर आलं. दादर ज्वारीची रास, उडालेला भुसा, आई सूप झटकत बसलेली, आणि कुणीतरी मला हाका मारतंय. (हाका दुकानदारच मारत होता. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं.) त्या गुंगीत मी घरातल्या सगळ्या होल्डरांसाठी बल्ब घेतले, पण कुठला कुठे लावायचा हे विचारायचं राहिलं.

साहजिकच पिवळा गेला स्वयंपाकाच्या कोपऱ्यात. त्या उजेडात कच्ची भाकरी छान खरपूस दिसायची. तुमच्या भाचेसुनेने, योगिताने, वाढली, आम्ही खाल्ली, पोटाने रात्री खरं काय ते सांगितलं. पांढरा गेला देवघरात, तर देव डबल पाळी करून आल्यासारखे दिसू लागले. न्हाणीघरातला मी हौसेने बंद काचेच्या गोळ्यात कोंडला, तो आत तापून वारला. मोकळ्या हवेत ठेवायचा असतो म्हणे. आईला सांगितलं की पूर्वी साठ वॅट लागायचे, आता नऊत तेवढाच उजेड, वीज वाचते. ती म्हणाली, साठाचे नऊ झाले, सुरतेत येऊन हेच कमावलंस का! शेवटी योगिताने सगळे आपापल्या जागी लावले. हल्ली दिवस कलला की मी ट्यूब बंद करतो आणि देवघरातला पिवळा लावतो. खोली हळूहळू मऊ होते. आई हात जोडते. मी भिंतीला टेकून खळ्यात जाऊन येतो.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण दाराबाहेरच्या बोळात कायम अंधार, म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून तिथे माणसाची चाहूल लागली की आपोआप लागणारा बल्ब लावला. आई संध्याकाळी उंबऱ्यात बसते. कुणी आलं की दिवा लागतो, दिवा लागला की आई हात जोडते. पहिला सापडला समोरचा सुपडू. पाण्याच्या पिंपावरून भांडण झाल्यापासून त्याने आमच्याकडे पाहिलंही नव्हतं. त्याने आधी वळून मागे कुणी आहे का बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यानेही हात जोडले. पुढे त्याच्याकडून कळण्याची भाकर आणि ठेचा आला, आणि पिंप आपणहून बाजूला सरकलं. आता पाळी सुटून येणारा अख्खा बोळ राम राम करत जातो, बायका उंबऱ्याशी टेकतात, आणि आईला जेवायला दोनदा हाक मारावी लागते. तेव्हा ठरल्याप्रमाणे आखाजीला अवश्य या. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना (पुन्हा बसूनच) नमस्कार.

तुमचा भाचा,
वाल्मिक

ता. क. उत्तर राहिलंच. मामा, आईला कायमचं नेऊ नका. मला करमणार नाही. माहेरी चार दिवस आखाजीचे झोके घेऊ द्या आणि परत आणून सोडा. गाठोडं तिने सोडलंय, पण हे तुम्हाला सांगायला ती लाजते.

ता. क. दुसरा. बोळातला बल्ब आठवड्यापूर्वीच गेला. नवा आणून ठेवलाय, पण लावायचा धीर होत नाही. कारण दिवा लागत नाही, तरी पाऊल वाजलं की आई अंधारात हात जोडते, आणि अंधारातून कुणीतरी "राम राम, उषाबाई" म्हणतं. मला मात्र नमस्कार मिळत नाही. माझं पाऊल वाजलं की ती म्हणते, "जेवी ले."