पितराच्या पाटावर

महाल, नागपूर
२० सप्टेंबर १९६७

चि. सौ. प्रेमिला हिस बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

डोळ्यांच्या डॉक्टरने आणखी पंधरा दिवस थांबायला सांगितले आहे. तोवर चंद्रभानच्या खोलीवरच आहे. तुझा भाऊ इथे बोंडे नाही, देशपांडे आहे, हे तुला ठाऊकच आहे. ब्राह्मणाशिवाय घरमालकीण यमुताई खोली देत नव्हत्या आणि कॉलेज इथून जवळ. त्यामुळे मीही देशपांडे झालो. जानवे घातले आहे, ते आंघोळीच्या तांब्यात अडकते. तोंडातून ‘मले-तुले’ जाऊ नये म्हणून मी कमी बोलतो, तर यमुताईंना वाटते, मोठा विरक्त माणूस आहे.

या विरक्तीनेच घात केला. अष्टमीला त्यांच्या यजमानांचे श्राद्ध आहे आणि पितराच्या पाटावर त्यांनी मलाच बोलावले आहे. चंद्रभान म्हणतो, चुपचाप जेवून घ्या, नाही म्हटले तर संशय येईल आणि परीक्षेच्या तोंडावर खोली जाईल. नाव खोटे सांगितले ते जिवंत माणसांना. पण मेलेल्याचा घास माझ्या पोटात गेला आणि तो उपाशीच राहिला तर? काय करू ते लवकर कळव. आईला सांगू नकोस. माझ्यावरची माया या पत्राने आटू देऊ नये.

तुझा बाबा,
रुपराव

काटोल
२३ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस प्रेमिलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचताना मला हसू आले आणि आईने माझ्याकडून सगळे काढून घेतले. म्हणते, या माणसाले गावात कोणी पंगतीत पुढं बसवत नाही, अन् नागपुरात पितर होऊन राहिले!

थट्टा सोडून सांगते. आजोबांच्या श्राद्धाला कोणी खोटे नाव सांगून जेवून गेला असता, तर तुम्ही त्याला काय म्हटले असते? तेच यमुताईंचे. पण दादाची परीक्षाही खरी आहे, त्याच्यावर ओरडू नका. संत्री यंदा भरली आहेत. चिडचिड न करता लेकीवर जीव ठेवावा.

आपली,
प्रेमिला

महाल, नागपूर
२९ सप्टेंबर

चि. सौ. प्रेमिलास आशीर्वाद. वि. वि.

मी पाटावर बसलो होतो. जेवणारच होतो, कारण चंद्रभान दारातून डोळे वटारत होता. पण यमुताईंचा मुलगा मार्तंड माझे पाय धुवायला वाकला. भेगांतली माती निघेना म्हणून बोटाने घासू लागला आणि हळूच म्हणाला की वडील असताना त्यांचे पाय कधी हाती घेतले नाहीत. मी पाय मागे घेतले. सांगितले की मी कुणबी, बोंडे, माझ्याकडून तुमच्या वडिलांना काही पोचायचे नाही. घाबरून सगळे ‘मले-तुमाले’तच सांगितले.

मार्तंड खूप ओरडला. यमुताई ओरडल्या नाहीत. त्यांनी त्याला देवळातून दुसरा माणूस आणायला पाठवले आणि दसऱ्यापर्यंत खोली सोडा म्हणाल्या. संध्याकाळी मात्र खीर दिली, द्रोण लांबूनच खाली ठेवून. मी खाल्ली. चंद्रभानने खाल्ली नाही.

तो आज खोल्या बघून आला. दोन ठिकाणी बोंडे नाव ऐकून खोली कालच गेली म्हणाले. तिसऱ्याने नाव ऐकले, मान डोलावली आणि पाण्याचा नळ कुठे आहे ते दाखवले. हे सांगताना तुझा भाऊ हसला गं. नळाला पाणी पहाटे येते म्हणे. त्याला उठवायला मी आहेच. सर्वांनी असाच जिव्हाळा राखावा.

तुझा बाबा,
रुपराव बोंडे