कंसातला सिनेमा

सोमवार, ४ मार्च. सकाळी ६.१०
आजपासून पटकथा. मामेभाऊ शॉर्टफिल्म करतोय आणि पटकथा माझ्याकडून घेणार आहे. म्हणजे मीच मागे लागलो, पण तो नाही म्हणाला नाही. अट एकच. वीस पानं, संवाद जास्तीत जास्त दहा. अठरा तारखेला हातात हवी, नाहीतर तो दुसऱ्या कुणाचं तरी घेणार.

तेवीस वर्षं बसस्टँडवर माइकसमोर बसून घोषणा करतोय. गाडी सुटली की घोषणा संपली. मागे काही राहत नाही. ही फिल्म राहील. मला ती हवीच आहे, अगदी मनापासून.

गोष्ट ठरली: एक नवरा, एक बायको, एक संध्याकाळ. बायकोला सगळं समजावून सांगितलं, पाऊण तास. ती कानांच्या दवाखान्यात ऐकू येण्याची तपासणी करते, त्यामुळे श्रोता म्हणून उत्तम. ती काहीच बोलली नाही. नोंद: हिचा अभ्यास करावा. न बोलणं हिला उपजतच जमतं.

मंगळवार, ५ मार्च
पान पहिलं. संवाद चौदा. अजून नवरा नुसता दार उघडून आत आलाय. पण दार उघडताना माणूस बोलणारच. ती वास्तवाची गरज आहे.

शुक्रवार, ८ मार्च. दुपारी
कमी शब्दांची सवय लागावी म्हणून ड्यूटीवर प्रयोग केला. नेहमी गाडीचं गाव, मधले थांबे, फलाट, सामान सांभाळा, असं सगळं सांगतो. आज फक्त एवढंच म्हणालो: फलाट सात, गाडी निघते आहे. कुठे निघते ते प्रेक्षकाने ताडायचं. प्रेक्षक बाकीच्या सहाही फलाटांवरून धावत सातवर गेले. एक आजी भलत्याच गाडीत बसल्या, त्यांना कंडक्टरने दोन थांब्यांनंतर उतरवलं. नव्या प्रयोगाला पहिल्या दिवशी विरोध व्हायचाच. साहेबांनी लेखी खुलासा मागितलाय.

शनिवार, ९ मार्च
खुलासा लिहिला. अकरा पानं. हात चांगला चालायला लागलाय.

रविवार, १० मार्च. सकाळी ७.००
सापडलं! आंघोळ करताना सुचलं, तसाच ओल्या अंगाने लिहायला बसलो. उत्तर आहे कंस. पटकथेत कंसातला मजकूर म्हणजे नटांना सूचना. तो संवादात मोजत नाहीत. उदाहरणार्थ:

(ती त्याच्याकडे अशा नजरेने पाहते, की जणू म्हणते आहे, तुम्हाला आठवतं का, माझ्या धाकट्या काकांचं लग्न मोडलं तेव्हा तुम्ही एकटेच म्हणाला होतात की मुलगी चांगली होती, आणि आज पाहा, तीच मुलगी शाळेची मुख्याध्यापक आहे.)

संवाद शून्य. हे आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? दुपारपर्यंत नऊ पानं झाली. ओल्या फरशीवरून बायकोचं काहीतरी म्हणणं होतं. पुढच्या रविवारी ऐकेन.

गुरुवार, १४ मार्च. संध्याकाळी ७.००
बायकोला वाचून दाखवली. तिच्या दवाखान्यातली पद्धतच वापरली. तिथे पेशंटच्या कानाला हेडफोन लावतात, आवाज ऐकू आला की पेशंट बोट वर करतो. तिला म्हटलं, कुठे संवाद ऐकू आला तर बोट वर कर. पहिल्या ओळीला तिने बोट वर केलं, ते शेवटपर्यंत खाली आलं नाही. मध्ये एकदा हात बदलला. दिवसभर तेच काम करून सवय लागली असणार बिचारीला. तिला विश्रांतीची गरज आहे. तसं तिला समजावून सांगितलं, अर्धा तास.

सोमवार, १८ मार्च
दिली. पानं सदुसष्ट, संवाद शून्य. पानांची मर्यादा थोडी ओलांडली, पण संवादांत पूर्ण दहा वाचवले. हिशेब सरळ आहे.

शुक्रवार, २२ मार्च
मामेभावाने नटीला घेऊन तालीम ठेवली. मलाही बोलावलं, म्हणजे मीच गेलो. नटी नाटकात काम करणारी, अनुभवी. तिने काकांच्या लग्नाचा कंस दोनदा वाचला आणि विचारलं की मुख्याध्यापक कुठल्या भुवईने दाखवायची. मी म्हणालो, डाव्या. तिने करून दाखवलं. मामेभावाला ते डोळ्यात कचरा गेल्यासारखं वाटलं. कसलेल्या कलाकाराचीही तयारी कमी पडते कधीकधी.

रविवार, २४ मार्च. सकाळी ११.००
मामेभाऊ घरी आला. पटकथा परत आणली होती. कंस वाचायचे कसे ते मी त्याला पहिल्यापासून समजावलं. पान चाळीसवर असताना बायकोने कपाटातून एक कागद काढून त्याच्या हातात दिला. दवाखान्यातल्या तपासणीचा तक्ता, त्याच्या कोऱ्या बाजूला दीड पान काहीतरी लिहिलेलं. मला वाटलं, वाणसामानाची यादी. मामेभावाने दोनदा वाचला. मग माझ्याकडे बघत हळूहळू मान डोलवायला लागला. माझं म्हणणं त्याला पटत चाललंय, हे दिसतच होतं.

सोमवार, २५ मार्च
मामेभावाचा फोन. बायकोचं दीड पान करणार आहेत.

माझं काहीही म्हणणं नाही.

मंगळवार, २६ मार्च
माझं म्हणणं आहे. विचारलं तिला, हे कधी लिहिलंस. तर म्हणाली, "तू वाचून दाखवत होतास तेव्हा. दुसऱ्या हाताने."

बुधवार, २७ मार्च
मुख्य भूमिका मला! शेवटी माणसाची पारख होतेच. गोष्ट अशी: एक नवरा संध्याकाळभर बोलतोय, पण त्याचा आवाज ऐकूच येत नाही. चमच्याचा येतो, नळाचा येतो, खुर्चीचा येतो. शेवटी एकदाच त्याचा आवाज येतो. तो विचारतो, "आज काय झालं तुझ्याकडे?" तिथे फिल्म संपते. संवाद एक, आणि तोही माझा. एवढा वेळ न थांबता तोंड हलवणारा दुसरा कुणी मिळेना, असं मामेभाऊ म्हणाला. व्यासंग लागतो त्याला.

रविवार, ३१ मार्च. संध्याकाळी ६.००
शूटिंग. बिनआवाजाचा सगळा भाग पहिल्याच टेकला ओके. माइक बंद होता तरी मी मनापासून बोललो. काकांच्या लग्नाचा कंस पूर्ण म्हटला.

शेवटच्या वाक्याला एकोणीस टेक. पहिल्यात म्हणालो, आज काय झालं तुझ्याकडे, म्हणजे मला साधारण कल्पना आहे. दुसऱ्यात म्हणालो, आज काय झालं तुझ्याकडे, कारण आमच्याकडे तर कमालच झाली. चार शब्दांवर थांबायला माणसाला ब्रेक लागतात. शेवटी मामेभाऊ म्हणाला, जाऊ दे, एडिटिंगमध्ये कापतो.

एक गोष्ट लिहून ठेवतो. बायको कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. प्रत्येक टेकला मी "आज काय झालं तुझ्याकडे" म्हणालो की ती मान वर करायची. पुढचं आलं की खाली. एकोणीस वेळा. लग्नाला अठरा वर्षं झाली, हा प्रश्न मी घरी कधी विचारल्याचं आठवत नाही. विचारला असेलच. आठवत नाही.

सोमवार, १ एप्रिल. संध्याकाळी ७.४५
जेवताना विचारलं. चार शब्द, नेमके, पुढे काही नाही. मनातल्या मनात पाठ केले होते.

तिने आजूबाजूला बघितलं. म्हणाली, "कॅमेरा कुठंय?"

म्हटलं, नाही. खरंच विचारतोय.

तिने चमचा खाली ठेवला. सांगायला लागली. आज एक आजोबा आले होते, सहा वर्षं काही ऐकू येत नव्हतं. कानाला नवीन मशीन लावलं. शेजारी आजी बसलेल्या. आजींनी त्यांना हाक मारली. आजोबांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि

इथे मी म्हणालो की आणि ते रडले, बरोबर? आणि हा शॉट आजींच्या खांद्यावरून घ्यायला हवा. आमच्या स्टँडवरही असेच एक आजोबा येतात, त्यांचं सांगतो. सांगितलं. वीस मिनिटं झाली असतील. बघितलं तर तिचं जेवण झालेलं, ताट उचललेलं.

(ती माझ्याकडे अशा नजरेने पाहते, की जणू म्हणते आहे,

पंधरा मिनिटं हा कंस उघडा आहे. आत लिहायला काही सुचत नाही.

रडले नसतील. रडले असते तर ती "नाही" म्हणत मान हलवायला गेली नसती. मी बोलत होतो, पण तेवढं दिसलं होतं मला.

स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येतोय. आजोबांनी काय केलं ते मला खरंच ऐकायचं होतं.